रिकाम्या टाकीबद्दल : औद्योगिक सुरक्षा संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय : सल्फ्युरिक ॲसिडच्या रिकाम्या टाक्या, त्यांची धुलाई आणि पावसाळा

महोदय,

सल्फ्युरिक ॲसिडच्या भरलेल्या टाकीजवळ माणसे जपून वागतात. गॉगल शोधतात, व्हॉल्व्हला हात लावण्याआधी दोनदा विचार करतात, नवख्याला लांब उभे करतात. टाकी रिकामी झाली की तीच माणसे सैलावतात. तिला शिडी टेकवतात, वरच्या कठड्याला वेल्डिंग करतात, मॅनहोल उघडून आत पाण्याचा पाइप सोडतात. रसायन कारखान्यात पाळीप्रमुख म्हणून काम करताना माझे एक मत पक्के झाले आणि निवृत्तीनंतरही ते बदललेले नाही. हे ॲसिड तीव्र असताना जेवढे धोक्याचे, त्याहून ते पातळ होऊ लागते तेव्हा अधिक धोक्याचे. आणि हे पातळ होण्याचे काम बहुतेक वेळा लॉगबुकात ‘खाली’ अशी नोंद झालेल्या टाकीत चालते.

पत्र आपल्या नावे असले तरी खुले ठेवले आहे. त्यातला मजकूर जितका आपल्या निरीक्षकांसाठी आहे, तितकाच ठेकेदारासाठी, वेल्डरसाठी, टँकरच्या क्लीनरसाठी आणि कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणाऱ्यांसाठीही आहे.

या ॲसिडशिवाय आपली कारखानदारी चालणार नाही, हे आधीच मान्य करतो. सुपरफॉस्फेट खत त्याच्याविना बनत नाही. रंग, डिटर्जंट, औषधांचा कच्चा माल, पोलादावरचा गंज काढण्याचे पिकलिंग, रिक्षापासून इन्व्हर्टरपर्यंतच्या बॅटऱ्या, सगळीकडे ते लागते. बॅटरीतले ॲसिड साधारण ३७ टक्क्यांचे, कारखान्याच्या टाकीत येते ते ९८ टक्क्यांचे. तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे-परशुराम आणि वर पालघरकडे तारापूर, या पट्ट्यात ॲसिडचा टँकर ही रोजची गोष्ट आहे. प्रश्न ते वापरावे की नाही हा नाही. त्याचा स्वभाव ते हाताळणाऱ्या शेवटच्या माणसाला ठाऊक आहे का, हा आहे.

९८ टक्क्यांचे ॲसिड दिसायला साधे असते. पारदर्शक, जरासे तेलकट, नेहमीच्या तापमानाला ना वास ना धूर. धूर निघतो तो ओलियमला, म्हणजे ज्यात सल्फर ट्रायऑक्साइड मुरवलेला असतो त्या ॲसिडला. एक लिटर ॲसिडचे वजन १.८४ किलो. ३५ लिटरचा कॅन ६४ किलोंच्या पुढे जातो, आणि तो एकट्या माणसाला उचलायला लावणे म्हणजे अपघाताला बोलावणे. त्याची खरी ओढ पाण्याकडे असते. साखर, लाकूड, कागद, सुती कापड यांच्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन ते पाण्याच्या रूपाने ओढून घेते आणि मागे कोळसा ठेवते. कातडीचेही तेच होते. शिवाय पाण्याशी मिसळताना निघणारी उष्णता भाजते ती वेगळीच. म्हणून सल्फ्युरिकची जखम दुहेरी असते.

पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी ओतू नये, हा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. त्याचे कारण मात्र थोड्यांनाच सांगता येते. पाणी हलके असल्याने ते जड ॲसिडवर तरंगते. मिसळण्याची सगळी उष्णता दोहोंच्या सीमेवरच्या पातळ थरात निघते, तिथले पाणी क्षणात उकळते आणि वाफ ॲसिडचे शिंतोडे घेऊन उसळते. हे ज्ञान प्रयोगशाळेपुरते ठीक आहे. कोकणातल्या पावसाळ्याला तो नियम कोणी शिकवलेला नाही. चार महिने तो ॲसिडमध्ये पाणी घालतच असतो. छताला भोक असेल तर भोकातून, झाकण नीट बसले नसेल तर फटीतून, आणि दोन्ही नसेल तर नुसत्या दमट हवेतून.

हे पाणी काय करते ते समजायला आधी पोलादाचे पाहावे लागते. एवढे जहाल ॲसिड साध्या पोलादाच्या, ज्याला आम्ही एमएस म्हणतो त्याच्या टाकीत ठेवतात, याचे नवख्याला आश्चर्य वाटते. सुरुवातीला ॲसिड पोलादाला चावते. त्यातून आयर्न सल्फेटचा पातळ थर पृष्ठभागावर बसतो, आणि तोच थर खालच्या पोलादाचे रक्षण करतो. तीव्र ॲसिडमध्ये तो फारसा विरघळत नाही. पण थर नाजूक असतो. पाइपमधला वेग सेकंदाला साधारण एक मीटरच्या वर गेला की धुऊन जातो. म्हणून ॲसिडचे पाइप ऐसपैस ठेवतात आणि पंप घाईने चालवत नाहीत. आणि ॲसिडची तीव्रता ७० टक्क्यांच्या खाली उतरू लागली की थर टिकतच नाही. पोलाद झपाट्याने खाल्ले जाते आणि विरघळणाऱ्या लोखंडाबरोबर हायड्रोजन सुटतो.

किती सुटतो, याचा हिशेब दहावीच्या रसायनशास्त्रात बसणारा आहे. एक किलो लोखंड विरघळले की ४०० लिटरहून जास्त हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की मिश्रण पेटण्याजोगे होते, आणि ते ७५ टक्क्यांपर्यंत पेटण्याजोगेच राहते. दहा हजार लिटरच्या रिकाम्या टाकीत ४ टक्के म्हणजे ४०० लिटर. म्हणजे एवढ्या टाकीचे एक किलो पोलाद गेले की आतली हवा स्फोटाला तयार. ते एक किलो सगळ्या पृष्ठभागावर सारखे पसरले तर जाडीत पाचेक मायक्रॉनचा फरक पडतो. डोळ्यांना तो दिसणार नाही आणि जाडी मोजायच्या यंत्रालाही धड कळणार नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. पेटायला ठिणगी इतकी लहान पुरते की नायलॉनच्या कपड्यांच्या घर्षणाचीही चालते.

तीव्र ॲसिड भरलेल्या टाकीतही थोडाथोडा हायड्रोजन निघतच असतो, आणि त्याच्या खुणा पाहणाऱ्याला दिसतात. बुडबुडे वर चढताना आडव्या नोझलच्या आणि मॅनहोलच्या गळ्याच्या वरच्या बाजूने ठरावीक वाटांनी सरकतात आणि संरक्षक थर घासत जातात. जुन्या टाकीचे मॅनहोल उघडून गळ्याची वरची बाजू, घड्याळात बाराचा आकडा असतो ती जागा पाहिली, तर तिथे शेजारी शेजारी खोल चरी पडलेल्या असतात. खालची बाजू मात्र गुळगुळीत. जाडी मोजायला आलेला माणूस सोयीचे म्हणून टाकीच्या अंगावर कमरेच्या उंचीला यंत्र लावतो, आकडा चांगला येतो आणि ‘टाकी ठीक’ असा शेरा पडतो. टाकी गळते ती त्या चरीतून.

टाकीला श्वासही घ्यावा लागतो. ॲसिड उपसले की तेवढी हवा आत येते. त्या वाटेवर सिलिका जेलचा डबा बसवलेला असेल तर हवा कोरडी होऊन जाते. त्यातले निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की डबा असून नसल्यासारखा. जुलैत ते दाणे किती दिवस निळे राहतात आणि बदलायला नवे दाणे भांडारात असतात का, एवढे ऑपरेटरला विचारले तरी त्या कारखान्याची अर्धी तपासणी होते.

टाकी वापरात असते तेव्हा आत आलेली ओल हजारो लिटर तीव्र ॲसिडमध्ये हरवून जाते. टाकी उपसून तशीच सोडली की चित्र बदलते. भिंतींवर ॲसिडचा ओला पापुद्रा उरतो. तळाशी आयर्न सल्फेटचा चिकट गाळ ॲसिड धरून बसतो. हवेतली ओल आता त्या पापुद्र्यालाच पातळ करते आणि बंद टाकीत हळूहळू हायड्रोजन साठत जातो. मागणी नाही म्हणून वर्षभर बंद ठेवलेली टाकी, विक्रीसाठी काढलेला जुना प्लांट, भंगारवाल्याला दिलेली टाकी, या सगळ्यांत हे घडत असते आणि त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. भंगारवाला येतो तो गॅस कटर घेऊनच.

आता धुलाईकडे येतो. ठरलेला क्रम असा. लॉगबुकात ‘टाकी खाली’ अशी नोंद होते. पंपाच्या सक्शनचे तोंड तळापासून वीतभर वर असते, त्यामुळे त्याखालचे ॲसिड उपसले गेलेलेच नसते. ठेकेदाराचा हेल्पर वरच्या मॅनहोलमधून पाण्याचा पाइप सोडतो. पाणी गाळावर पडते, आतून चुर्र आवाज येतो, पांढरी वाफ वर येते, टाकीचे अंग हाताला चटका देऊ लागते. “गरम झाली, थांब जरा,” म्हणून पाणी बंद होते आणि मंडळी जेवायला जातात. सगळ्यांत वाईट गोष्ट त्याच क्षणी घडलेली असते. आत आता अर्धवट पातळ आणि तापलेले ॲसिड आहे, पोलादाला खाण्याची त्याची ताकद सर्वांत जास्त आहे आणि त्याला तासाभराची सवड मिळाली आहे. जेवण झाल्यावर वेल्डर कठड्याचा तुटलेला गज जोडायला वर चढतो. टाकीच्या आत कोणी उतरणार नाही, म्हणून परमिटवर आतल्या वायूची तपासणी कोरी असते.

बरोबर क्रम कठीण नाही. आधी उरलेले ॲसिड अगदी तळाच्या नळीतून काढायचे आणि गाळ शक्य तेवढा बाहेर घ्यायचा. मग माणसांना दूर ठेवून, वरची सगळी तोंडे उघडी ठेवून, भरपूर पाणी न थांबता सोडायचे, म्हणजे मधल्या तीव्रतेचा टप्पा चटकन मागे पडतो. शेवटी सोडा ॲशने उरलेले आम्ल मारायचे. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो जड असल्याने तळाशी बसतो. म्हणजे एकाच टाकीत छताखाली हायड्रोजन आणि तळाशी कार्बन डायऑक्साइड. खालच्या मॅनहोलमधून हातभर आत धरलेला मीटर शून्य दाखवतो, कारण हायड्रोजन त्या उंचीवर नसतोच. वायू तपासायचा तो सर्वांत उंच नोझलपाशी, मध्ये आणि तळाशी. आधी ऑक्सिजन पाहायचा, कारण तो कमी असेल तर नेहमीचा मीटर ज्वलनशील वायूही कमी दाखवतो. आणि ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत पाऊल टाकायचे नाही.

१७ जुलै २००१ रोजी अमेरिकेत डेलावेअर सिटी इथल्या मोटिव्हा कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात असेच एक काम चालू होते. वापरून झालेल्या सल्फ्युरिक ॲसिडच्या टाक्यांवरची ये-जा करायची पायवाट दुरुस्त करायला कंत्राटी कामगार चढले होते. एका टाकीला गंजाने भोके पडली होती. ऑपरेटरने त्याबद्दल काही आठवडे आधी लेखी कळवले होते आणि टाकीची आतली तपासणी पुढे ढकलली जात होती. तिथला वायू हायड्रोजन नव्हता, ॲसिडबरोबर आलेल्या हायड्रोकार्बनच्या वाफा होत्या. पण अपघाताची वाट तीच. गंजलेले पोलाद, भोकातून बाहेर येणारी वाफ, जवळच ठिणगी. टाकी तळापासून सुटली, एक कामगार ठार झाला, आठ जखमी झाले आणि सांडलेले ॲसिड डेलावेअर नदीपर्यंत गेले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशीचा पूर्ण अहवाल जाहीर केला, म्हणून आज लोट्यातल्या एखाद्या फोरमनलाही तो वाचता येतो. अर्थात इंग्रजी येत असेल तर.

आपल्या देशात तर या ॲसिडने कायदाच बदलला. भोपाळच्या वायुगळतीला वर्ष होत असतानाच, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम गळले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये निरपवाद दायित्वाचे तत्त्व सांगितले. घातक धंदा चालवणाऱ्याला, हानी झाल्यावर, ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ हा बचाव मिळणार नाही. १९८७ साली कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांचे वेगळे प्रकरण आले. धोक्याची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले आणि समोर उभा ठाकलेला धोका कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. पुढे १९८९ चे घातक रसायनांचे नियम, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आणि १९९६ चे रासायनिक अपघातांविषयीचे नियम आले. कायद्यांची उणीव नाही. उणीव आहे ती दोन दिवसांच्या कामासाठी फाटकातून आत आलेल्या हेल्परपर्यंत त्यातले काही पोचण्याची. त्याच्या हाती गेटपास असतो. त्या टाकीत काय होते, याचा कागद त्याच्या हाती नसतो.

टँकरचे गणितही टाकीचेच आहे. तोही पोलादाचाच, रिकामा झाल्यावर त्याच्याही तळाशी ॲसिड उरते. मोटार वाहन नियमांनी टँकरवर आपत्कालीन माहितीचा फलक बंधनकारक केला आहे. सल्फ्युरिकसाठी त्यावर १८३० हा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक असतो, ओलियमसाठी १८३१. चालकाला प्रशिक्षणाची अटही आहे. पण वर चढून झाकण उघडतो, होज जोडतो आणि टँकर धुतो तो बहुधा क्लीनर. आणि रिकाम्या टँकरचा वाकलेला मडगार्ड वेल्ड करून देतो तो महामार्गावरचा गॅरेजवाला. त्याला १८३० या आकड्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो. आरटीओ कागद पाहतो, प्रदूषण नियंत्रण मंडळ सांडपाणी पाहते, गॅरेज हा कारखाना नाही म्हणून आपल्या खात्याच्या यादीत बसत नाही. टँकर धुण्याची जागा अशी तीन खात्यांच्या सीमेवर पडते.

धुतलेले पाणी जाते कुठे, हा पुढचा प्रश्न. आम्ल नाल्यात सोडले आणि नाल्यात सल्फाइड असलेले सांडपाणी असेल तर हायड्रोजन सल्फाइड हा जीवघेणा वायू तयार होतो. ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधले रासायनिक सांडपाणी नाल्यात बेकायदा सोडताना विषारी वायू सुटला आणि सहा कामगार गेले. ते तिथे ॲसिड हाताळत नव्हते, शेजारच्या कारखान्यात आपापल्या जागी होते.

टाकीभोवतीच्या बंधाऱ्याची, म्हणजे डाईकची, गत पावसाळ्यात वेगळीच होते. सर्वांत मोठी टाकी फुटली तरी सगळे ॲसिड अडावे एवढी त्याची क्षमता असायला हवी. पण पावसाने तो भरतो, पाणी काढायचा कंटाळा येतो आणि त्याचा ड्रेन व्हॉल्व्ह जूनमध्ये उघडून ठेवला जातो तो ऑक्टोबरपर्यंत. मग गळती झाली तर बंधारा असूनही ॲसिड थेट नाल्यात. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले. तेव्हापासून या दोन शहरांच्या आसपासच्या कारखान्यांत तरी पुराचे पाणी बंधाऱ्यात शिरले तर काय करायचे, हे लिहून ठेवलेले असायला हवे.

हाताळणीच्या दोन बारीक गोष्टी सांगतो, कारण फलकांवर त्या क्वचितच असतात. फ्लँज उघडताना आपल्यापासून सर्वांत लांबचा बोल्ट आधी सैल करावा. आत दाब अडकलेला असेल तर फवारा पलीकडे जातो. जवळचा बोल्ट आधी सोडणाऱ्याच्या तोंडावर तो येतो. दुसरी गोष्ट, पँटचे पाय गमबुटाच्या बाहेर ठेवावेत. आत खोचले तर वरून ओघळलेले ॲसिड थेट बुटात साठते आणि पाय त्यातच भिजत राहतो. कातडी हातमोजे या कामाचे नाहीत, दवाखान्यातले पातळ नायट्राइलचेही नाहीत. निओप्रीन किंवा ब्युटाइल रबराचे लांब मोजे लागतात. सांडलेल्या ॲसिडवर भुसा टाकू नये, तो जळून काळा होतो. कोरडी वाळू टाकावी आणि मग चुना किंवा सोडा ॲश थोडी थोडी, कडेकडेने.

अंगावर उडाल्यावर उपाय एकच : पाणी, ताबडतोब, भरपूर, निदान पंधरा ते वीस मिनिटे. ‘ॲसिडवर पाणी नको’ हे इतके बिंबलेले असते की काही जण जखमेवरही पाणी घालायला कचरतात. अंगावरच्या थोड्या ॲसिडवर धो-धो पाणी सोडले की निघणारी उष्णता पाणीच वाहून नेते. चुना, सोडा, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नये. कपडे, बूट, अंगठी, करगोटा, सगळे पाण्याखाली उभे असतानाच काढावे. डोळ्यात गेले असेल तर पापण्या ओढून धरून पाणी चालू ठेवावे, आणि दवाखान्याच्या वाटेवरही ते थांबू नये.

म्हणून सेफ्टी शॉवर हा शोभेचा हिरवा खांब असून चालत नाही. अमेरिकी मानक असे आहे की धोक्याच्या जागेपासून दहा सेकंदांत तो गाठता यावा, मिनिटाला ७५ लिटर पाणी पडावे, ते पंधरा मिनिटे चालावे आणि पाणी १६ ते ३८ अंश तापमानाचे असावे. ७५ गुणिले १५ म्हणजे सव्वाअकराशे लिटर. छपरावरची ५०० लिटरची टाकी सात मिनिटांत संपते. आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हात तापलेल्या काळ्या टाकीचे पाणी भाजलेल्या माणसाला अंगावर घेववत नाही, तो शॉवरखालून बाहेर पडतो. हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही. बादली, घड्याळ आणि थर्मामीटर पुरतात.

ॲसिडचा एक धोका मात्र अपघात होऊन येत नाही, तो रोज श्वासावाटे येतो. बॅटरी चार्जिंगच्या आणि पिकलिंगच्या खोल्यांत ॲसिडचा सूक्ष्म तुषार हवेत तरंगतो. तिथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या पुढच्या दातांच्या कडा झिजतात. सल्फ्युरिकयुक्त तीव्र आम्लांच्या तुषाराचा व्यावसायिक संपर्क कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्ये जाहीर केले. त्यात स्वरयंत्राचा कर्करोग प्रमुख. वार्षिक वैद्यकीय तपासणीत छातीचा फोटो काढतात, वजन करतात. या कामगारांचे दात पाहणे आणि आवाज बसला आहे का हे विचारणे त्यात घालायला फारसा खर्च नाही.

आता मागण्या.

पहिली. मे महिन्यात शहरांत नालेसफाई होते, तशी ॲसिडच्या टाक्यांची पावसाळ्यापूर्वीची तपासणी सक्तीची करा. वापरातल्या, बंद ठेवलेल्या आणि भंगारात काढलेल्या अशा तिन्ही टाक्यांची वेगळी यादी प्रत्येक कारखान्याकडून घ्या. छताची भोके, श्वासनळीवरचे सिलिका जेल, नोझलच्या वरच्या बाजूची जाडी आणि बंधाऱ्याचा बंद व्हॉल्व्ह, एवढ्या चार गोष्टी त्यात पाहिल्या जाव्यात.

दुसरी. ॲसिडच्या टाकीवर किंवा टाकीजवळ वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग करायचे असेल तर टाकी भरलेली असो वा रिकामी, कोणी आत उतरणार असो वा नसो, तीन उंचीवर वायूची तपासणी झाल्याशिवाय परमिट मिळू नये. आणि काम जेवणासाठी किंवा पाळी बदलताना थांबले, तर परत सुरू करण्याआधी ती पुन्हा व्हावी.

तिसरी. परमिटवर ठेकेदाराच्या सुपरवायझरची सही पुरेशी मानू नका. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला टाकीत काय होते आणि पाणी घातल्यावर काय होईल, हे त्याच्या भाषेत सांगितले गेले का, ते निरीक्षकाने त्यालाच विचारावे. आपल्या वसाहतींत ती भाषा मराठी असेल, हिंदी असेल, ओडिया असेल.

चौथी. टँकर धुण्याच्या आणि दुरुस्तीच्या जागांसाठी परिवहन खाते, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आपले संचालनालय यांनी मिळून एक जबाबदार अधिकारी नेमावा. ॲसिडचा टँकर ठरलेल्या जागी धुतल्याचा दाखला नसेल तर त्याला वेल्डिंग करायचे नाही, हे गॅरेजवाल्यांपर्यंत पोचवावे.

पाचवी. ॲसिडच्या प्रत्येक अपघाताची चौकशी झाल्यावर तिच्यातला तांत्रिक भाग मराठीत प्रसिद्ध करावा. दोषी कोण हे न्यायालय ठरवील, त्याला वेळ लागेल. पण कोणता व्हॉल्व्ह, किती तीव्रतेचे ॲसिड, कोणत्या क्रमाने पाणी आणि कुठून ठिणगी, हे कळायला इतर कारखान्यांतल्या कामगारांनी निकालाची वाट पाहू नये. डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झाले तसे मोठे स्फोट झाले की कारखाने हलवण्याची चर्चा होते. एकदोन कामगारांचा जीव घेणारी टाकी मात्र बातमीच्या चार ओळींत संपते, आणि तीच चूक पुढच्या वसाहतीत पुन्हा होते.

यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. आपल्या अखत्यारीतल्या चार गोष्टींना एक परिपत्रक पुरे आहे. टँकरच्या गोष्टीसाठी इतर दोन खात्यांशी एक बैठक लागेल. परिपत्रक पुढच्या मे महिन्याआधी निघावे आणि त्याची मराठी प्रत प्रत्येक ॲसिड टाकीच्या शिडीशी लावली जावी, ही विनंती.

आपला,
रसायन कारखान्यातला एक निवृत्त पाळीप्रमुख